पत्र्याखालचा इतिहास

‘गंजण्यापेक्षा झिजणे बरे’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर वाचत आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले. भाषेने त्यात गंजाला आळसाच्या रांगेत बसवले आहे. जो काम करतो तो झिजतो आणि जो नुसता पडून राहतो तो गंजतो, असा त्याचा सरळ बोध. जुन्या मोटारगाडीच्या सहवासात राहिलेल्या माणसाला मात्र हा बोध अर्धाच पटतो. गाडीचे इंजिन वापराने झिजते हे खरे, पण पत्रा वापरली तरी गंजतो आणि उभी केली तरी गंजतो. शिवाय डेंटिंगचे काम करणारे कारागीर ‘पत्रा गंजला’ असे सहसा म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘पत्रा सडला.’ फळ सडावे, लाकूड सडावे, तसे लोखंड सडते. या एका क्रियापदात नैतिक उपदेश नाही, निरीक्षण आहे. आम्हाला ते भिंतीवरच्या वाक्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, आणि गंजाचा इतिहास त्याच क्रियापदापासून सांगायला घ्यावा असेही वाटते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते घरातल्या एका गाडीमुळे. रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घराच्या पडवीशेजारी १९६८ सालची एक फियाट ११०० डिलाइट उभी आहे. वडिलांनी ती १९८१मध्ये मुंबईहून जुनी म्हणूनच घेतली होती. खाऱ्या वाऱ्याने आणि कोकणच्या पावसाने तिचे काय केले, हे आम्ही तीस-चाळीस वर्षे पाहत आलो आहोत. १९९४मध्ये तिची जमीन सडली म्हणून ती एका गॅरेजात दिली. पंधरा दिवसांनी ती चकचकीत होऊन परत आली. नवा रंग, नवे रबरी मॅट, आणि बिलावर ‘फ्लोअर दुरुस्त’ असा शेरा. १९९७च्या भाद्रपदात, गणपतीहून परतताना, संगमेश्वराजवळच्या एका खड्ड्यात गाडी आदळली आणि पुढच्या आसनावर बसलेल्या आईचा उजवा पाय मॅटसकट खाली गेला. चाकाने उडवलेले तांबडे पाणी तिच्या मांडीवर आले. गाडीचा वेग कमी होता म्हणून पाय मुरगळण्यावर निभावले. मॅट उचलून पाहिले तेव्हा कळले, की सडलेल्या पत्र्यावर डब्याचा पातळ पत्रा रिव्हेटने ठोकला होता, वर डांबर थापले होते आणि कडा लांबी भरून लपवल्या होत्या. वडील त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. रात्री एवढेच म्हणाले, “रंग बघून आपण पैसे दिले. चूक आपलीही आहे.”

ही चूक एका घराची किंवा एका गॅरेजाची नव्हती. तिच्यामागे मोटारीच्या रचनेचाच एक इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय गंजाचे गांभीर्य कळत नाही.

मोटारीच्या पहिल्या काही दशकांत गाडी म्हणजे दोन वेगळ्या वस्तू होत्या. खाली जाड पोलादी तुळयांची चासी आणि तिच्यावर स्क्रूंनी बसवलेली, बहुधा लाकडी सांगाड्यावर पत्रा मढवलेली बॉडी. वजन पेलणे, इंजिन धरणे, धक्के सोसणे ही सारी कामे चासीची होती. बॉडी हा एक प्रकारचा अंगरखा होता. तो फाटला, कुजला, तर ठिगळ लावावे किंवा नवा शिवावा. देहाला धोका नव्हता. १९२२मध्ये इटलीतल्या लान्शिया लाम्ब्डाने आणि १९३४मध्ये फ्रान्समधल्या सित्रोएन ट्रॅक्सिओं आव्हांने या द्वैताला आव्हान दिले. वेगळी चासी ठेवण्याऐवजी पत्र्याच्या घड्या, पोकळ नळ्यांसारखे भाग आणि त्यांचे जोड यांतूनच गाडीचे बळ उभे करायचे, ही ती कल्पना. गाडी हलकी झाली, बसकी झाली, पेट्रोल कमी पिऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा मार्ग सर्वत्र रूढ झाला. मार्च १९५३मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली फियाट ११००-१०३ ही याच घडणीची गाडी होती.

या बदलाने गंजाचा अर्थ बदलला. अंगरखा आणि देह एक झाले. दाराखालचा पोकळ पत्रा, पायांखालची जमीन, मडगार्डच्या आतली बाजू हे सारे आता हाडांचे काम करू लागले, पण त्यांची जाडी कातडीचीच राहिली. पूर्वी जो गंज कुरूपपणा होता तो आता अपंगत्व झाला. आणि तो बाहेरून दिसेलच असेही नव्हते, कारण पत्र्यांच्या दोन थरांमधली पोकळी आतून क्वचितच नीट रंगवली जाई.

ही गाडी आपल्याकडे आली ती वालचंद हिराचंद यांच्या उद्योगामुळे. सोलापुरात १८८२मध्ये जन्मलेल्या वालचंदांनी जहाजे, विमाने आणि मोटारी ही तिन्ही वाहने देशात बनावीत असा ध्यास घेतला होता. १९४४मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. पुढे फियाटशी संबंध जुळला. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून रस्त्यावर दिसू लागलेल्या गोलसर ११००ला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ असे लाडाचे नाव दिले. १९६४पासून डिलाइट आली. १९७०च्या दशकात फियाटचे नाव गळून गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. नावे बदलली, जाळी बदलली, पण १९५०च्या दशकातला मूळ आराखडा शतक संपेपर्यंत चालत राहिला.

नेमक्या याच काळात जगात गंजाशी झुंजण्याचे शास्त्र पुढे सरकत होते. त्याची मुळे मोटारीहून जुनी आहेत. १८२४मध्ये हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमारासाठी एक प्रयोग केला. जहाजांच्या तळाला मढवलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात झिजे. त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, तर तेच आधी झिजतात आणि तांबे वाचते, असे त्यांनी दाखवले. प्रयोग इतका यशस्वी झाला की तो फसला. तांबे झिजेनासे झाले तसे त्याचे विषारी क्षार पाण्यात उतरेनासे झाले, आणि जहाजांच्या तळाला शिंपले व शेवाळ बिनधोक चिकटू लागले. तरीही एका धातूने दुसऱ्यासाठी झिजावे हे तत्त्व टिकले. १८३७मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्या गोठ्यावरचा आणि पाण्याच्या टाकीचा पांढुरका पत्रा तो हाच. १९०६मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी लोखंडाला फॉस्फेटचा लेप देण्याचे पेटंट घेतले. १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीने अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यांत रंग चढवण्याची रीत आणली. १९७०च्या दशकाच्या मध्यावर पोर्शे ९११ची बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची होऊ लागली, आणि पुढल्या दशकात आउडीने तोच मार्ग धरला.

हे सारे कारखानदारांना एकाएकी सुचलेले शहाणपण नव्हते. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने नव्या घडणीच्या गाड्या काही वर्षांतच पोखरल्या जाऊ लागल्या. ब्रिटनमध्ये १९६०पासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि पुढे त्या तपासणीत सडलेल्या सांगाड्याचाही विचार होऊ लागला. १९८०मध्ये तेथे लान्शिया बीटाच्या प्रकरणाने वर्तमानपत्रे गाजली. इंजिनाचा भार पेलणारा भाग जेथे जोडला जातो तेथेच पत्रा सडत असल्याने कंपनीला अनेक गाड्या गिऱ्हाइकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. ज्या घराण्याने १९२२मध्ये चासी आणि बॉडीचे द्वैत मोडले, त्याचीच अब्रू त्या अद्वैतातल्या गंजाने घालवली. १९९४मध्ये लान्शियाने ब्रिटनची बाजारपेठ सोडली.

आपल्याकडे मीठ रस्त्यावर टाकावे लागत नाही. ते वाऱ्याबरोबर येते. पण परवाना पद्धतीच्या त्या दशकांत गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेला गिऱ्हाईक ‘आतल्या पोकळीत रंग पोचला आहे का’ असा प्रश्न विचारणे शक्य नव्हते. गाडी मिळाली हेच भाग्य. गंजाला उत्तर देण्याचे काम त्यामुळे कारखान्याकडून गॅरेजाकडे, अभियंत्याकडून मिस्त्रीकडे आले. कुर्ल्याच्या भंगार बाजारात कापलेली दारे, बोनेट, मडगार्ड रांगेने टांगलेली असत. सडलेल्या गाडीचा निरोगी अवयव दुसऱ्या गाडीला बसे. एकच आराखडा इतका काळ चालल्याचा हा अनपेक्षित लाभ होता.

गंज होतो तरी कसा? लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन हे तिघे एकत्र आले की पत्र्यावर एक अतिसूक्ष्म विद्युतघट तयार होतो. मीठ त्या पाण्यातून वीज वाहणे सोपे करते, म्हणून समुद्राकाठी सगळे वेगाने घडते. सर्वसाधारण समजुतीच्या उलट, पत्रा सर्वांत जास्त खंगतो तो उघड्यावर नव्हे. चिखलाच्या थराखाली, मॅटखाली, दोन पत्र्यांच्या जोडात, म्हणजे जेथे ओल आहे पण ऑक्सिजन कमी पोचतो, तेथले लोखंड विरघळत जाते; ऑक्सिजनशी होणारा व्यवहार शेजारच्या उघड्या भागावर चालतो. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाला आधी फोड येतो. फोड दिसला तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. यावरून आमच्या १९९४च्या दुरुस्तीचे मर्म कळते. डब्याचा पत्रा, डांबर आणि लांबी यांनी भोक झाकले एवढेच नव्हे, तर ओल कोंडून ठेवणारी आदर्श जागा निर्माण केली. ती दुरुस्ती केली नसती तर कदाचित जमीन आणखी दोन पावसाळे टिकली असती.

१९९८मध्ये गाडी दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. वडिलांनी रंगाची चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, “रंगाचं नंतर बघू, साहेब. पत्रा कुठवर जिवंत आहे ते आधी बघू द्या.” त्यांनी आसने काढली, सगळे डांबर खरवडले आणि पेचकसाच्या टोकाने जमीन टोचत गेले. टोक आत गेले तेथे खडूने खूण केली. मग त्या खुणेच्याही बाहेर चार बोटे अंतर सोडून पत्रा कापला, कारण सड डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नवा पत्रा हातोडीने मूळ घडीसारखा वळवला, गॅस वेल्डिंगने जोडला, कडा घासल्या, रेड ऑक्साइड मारले. दाराखालची पाणी जाण्याची बुजलेली भोके मोकळी केली आणि त्यांतून पोकळीत इंजिनाचे जळके तेल सोडले. जोडाची रेघ लपवण्यासाठी लांबी भरू का, असे त्यांनी विचारले. वडील ‘नको’ म्हणाले. ती रेघ आजही मॅटखाली हाताला लागते.

इतिहासलेखनातही लांबी भरण्याची सोय असते, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुरावा जेथे सडला आहे तेथे अभिमानाचा किंवा हळहळीचा एक गुळगुळीत थर द्यायचा आणि वर रंग मारायचा, हे आपल्याकडे वारंवार घडते. कुर्ल्याच्या कारखान्याची कथाही स्वदेशीचा गौरव म्हणून किंवा परवाना राज्याची फजिती म्हणून सांगता येते, आणि दोन्ही कथा रंगवल्यावर चकचकीत दिसतात. टोचून पाहिले तर दोन्हींत काही भाग जिवंत निघतो आणि काही निघत नाही. वालचंदांची ईर्षा खरी होती. पुढच्या दशकांतले साचलेपणही खरे होते. आणि त्या साचलेपणातूनच हजारो हातांना दुरुस्तीचे कौशल्य मिळाले, हेही तितकेच खरे. जोडाची रेघ दिसू द्यावी एवढेच आमचे म्हणणे आहे.

रेड ऑक्साइडविषयी एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. गंज रोखण्यासाठी आपण जो तांबडा प्रायमर लावतो त्याचा रंग लोह-ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला. तुळशीवृंदावनाला लावायची काव तीच, आणि आमच्या घराच्या चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्याचा तांबडेपणाही त्याच कुळातला. लोखंड खाणीतून निघते ते बहुधा ऑक्साइडच्या रूपात. भट्टीत त्याच्याकडून ऑक्सिजन हिरावून घेतला की पोलाद होते. गंज हा त्याचा माघारीचा प्रवास आहे. इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी १८५८मध्ये टनब्रिज वेल्स येथे लोखंडावर व्याख्यान देताना गंजलेल्या लोखंडाचा कैवार घेतला होता. गंजलेले लोखंड म्हणजे श्वास घेतलेले लोखंड, आणि पृथ्वीवरचे कितीतरी रंग त्याच्याच कृपेने आहेत, असा त्यांचा आशय होता. कोकणातल्या माणसाला तो पटवून द्यावा लागत नाही. पण रस्किन यांना पावसात घाट उतरायचा नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि प्रत्येक लोखंड सारख्याच घाईने माघारी फिरते असेही नाही. दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा आहे. कानपूरच्या आयआयटीतील धातुतज्ज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले, की त्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे त्याच्यावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. म्हणजे तो स्तंभ गंजला नाही असे नव्हे; तो थोडासा गंजला, आणि त्या गंजानेच त्याला पुढे राखले. कॉस्लेट यांचा फॉस्फेटचा लेप आणि गंजावर आज लावली जाणारी फॉस्फरिक आम्लाची औषधे त्याच घटकाच्या आधाराने काम करतात. दुसऱ्या प्रकारची औषधे टॅनिनची असतात. ती तांबड्या गंजाचे काळ्या थरात रूपांतर करतात. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकस यांपासून काळी शाई होते, तीही याच क्रियेने. लिहिणाऱ्याला आणि पत्रा राखणाऱ्याला एकाच काळेपणाचा उपयोग व्हावा, हे आम्हाला मनोज्ञ वाटते.

वडील २०११मध्ये गेले. गाडीचे काय करायचे हा प्रश्न तेव्हापासून घरात आहे. तो मुंबईलाही पडला होता, आणि त्या शहराने तो वयोमर्यादेने सोडवला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने, ऑक्टोबर २००३मध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या शेवटी सेवेतून गेली. अनेकांनी हळहळून छायाचित्रे काढली. त्या टॅक्सींचा पत्रा किती वेळा कापून जोडला गेला होता, हे मात्र छायाचित्रांत दिसत नाही.

खासगी जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१मध्ये नवे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, मात्र ती मूळ रूपात राखलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आमची गाडी वयाने पात्र आहे. पण मूळ रूप म्हणजे काय? तिची जमीन १९९८ची आहे, डावे मडगार्ड कुर्ल्याच्या बाजारातून आलेले आहे, रंग तिसरा आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, की आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडा म्हणजे रथ का? यांपैकी एकही रथ नव्हे, आणि यांच्यावाचून वेगळाही रथ नाही. सर्वांच्या आधाराने चालणारे ते एक नाव आहे. नियम लिहिणाऱ्यांना नागसेनांची सोय नसते, हे मान्य. तरीही सडलेला भाग कापून तसाच नवा घडवणे याला फेरबदल म्हणावे की राखण, हा प्रश्न आम्हाला पोकळ वाटत नाही. समुद्राकाठी पन्नास वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीपुढे अस्पर्श राहण्याचा पर्याय कधी नव्हताच. तिच्यापुढे पर्याय दोनच होते: दुरुस्त होणे किंवा संपणे.

आम्ही गाडी विकलेली नाही आणि तिला प्रदर्शनासाठी नवी कोरीही केलेली नाही. मागच्या डिकीच्या कडेला सध्या तीन फोड आहेत. त्यांपैकी एक यंदा टोचून पाहिला. टोक आत गेले नाही. दरवर्षी मृगाच्या आधी आम्ही मॅट काढून उन्हात टाकतो, दाराखालची भोके माडाच्या हिराने मोकळी करतो आणि बादलीभर पाणी ओतून ते कोठून बाहेर पडते ते पाहतो. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. त्या दिवशी ती खुर्ची घेऊन पडवीत बसते. अजूनही गाडीत बसण्यापूर्वी ती उजवा पाय आधी हलकेच टेकवून पाहते, आणि मगच भार टाकते.